खाटेच्या डाव्या बाजूने

डॉक्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला मला कुणाची परवानगी नको. भोरच्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. त्यातल्या एका माणसाबद्दल तुम्ही पुढं एक शब्द काढला नाहीत आणि मलाही काढू दिला नाहीत. आज काढते. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, पुण्याला नर्सिंग शिकून आलेली, आणि तुम्ही आवाज चढवलात की माझ्या हातातला ट्रे वाजायचा. आता तो वाजत नाही.

माणूस मार्गासनीचा होता. भाताच्या रोपांची जागा भाजायला राब लागतो, त्यासाठी ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडत होता. फांदीसकट खाली आला तो खडकावर, डोक्याच्या डाव्या बाजूवर. बैलगाडीत पेंढा अंथरून नसरापूरवरून त्याला आणलं, तेव्हा दुपार झाली होती. बरोबर बायको आणि दीर. दीर दुसऱ्या दिवशी गुरांसाठी परत गेला, बायको राहिली. तुम्ही जखम धुतलीत, शिवलीत, आणि मग मला जवळ बोलावून शिकवलंत. तुमचे शब्द मला पाठ आहेत. "बाई, शुद्ध नाही एवढंच लिहू नका. किती नाही ते लिहा. हाक मारली तर डोळे उघडतो का? सांगितलेलं करतो का? चिमटा काढला तर हात ओढून घेतो का? डोळ्यावर उजेड धरला तर बाहुली लहान होते का? जे होतं ते लिहा, जे होत नाही तेही लिहा." त्या दिवशी तुम्ही दोन्ही हातांना चिमटे काढलेत. दोन्ही हात तसेच पडून राहिले. बाहुल्या मात्र लहान होत होत्या. मी सगळं लिहिलं. त्याहून चांगला धडा मला पुण्यातही कुणी दिला नव्हता, हे मी नाकारत नाही.

पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडले. तुम्ही रोज सकाळी फेरीला येता, खाटेच्या उजव्या बाजूला उभे राहता, सगळेच डॉक्टर तिथं उभे राहतात. त्याचा उजवा हात हातात घेता, नाडी बघता, चिमटा काढता, "हात उचला" म्हणून मोठ्यानं सांगता. हात उचलत नाही. नाव विचारता, तो छताकडे बघत राहतो. सहावा दिवस, सातवा, आठवा. नवव्या दिवशी तुम्ही हात पुसत म्हणालात, "डोळे उघडे आहेत, आत कुणी नाही. उद्या घरी न्यायला सांगा." घरी नेणं म्हणजे काय, ते तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्या नाकात रबरी नळी होती, तिच्यातून मी त्याला दूध आणि पाणी देत होते. मार्गासनीत ती नळी कोण घालणार होतं?

त्याच दुपारी मी दूध देत होते. नळी डाव्या नाकपुडीत, म्हणून मी डाव्या बाजूला. त्याचा डावा हात हळूच वर आला आणि त्यानं नळी धरली. मी म्हटलं, "सोडा, दुधाची नळी आहे ती." त्यानं सोडली. डॉक्टर, त्यानं सोडली! भांडं खाली ठेवून मी माझी दोन बोटं त्याच्या मुठीत दिली. "दाबा" म्हटलं, "सोडा" म्हटलं. सहा वेळा सांगितलं, चार वेळा त्यानं केलं. दोनदा केलं नाही, तेही मी तुमच्या शिकवणीप्रमाणे लिहिलं. उजवा हात उचलून पाहिला तर ओल्या धुण्यासारखा खाली पडला. जीभ आणि उजवं अंग गेलं होतं. माणूस आत जागा होता, आणि चार दिवस आपण त्याला त्याच्या मेलेल्या हातानं उत्तर द्यायला लावत होतो.

मी वही घेऊन तुमच्या खोलीत आले. तुम्ही वाचलंत आणि चष्मा काढलात. "मुठीत बोट घातलं तर तान्हं मूलही धरतं, बाई. त्याला शुद्ध म्हणत नाहीत."

"तान्हं मूल सांगितल्यावर सोडत नाही," मी म्हटलं.

खोलीत कंपाउंडर होता. त्याच्यासमोर म्हटलं, हे तुम्हाला जास्त लागलं असावं. "निदान करणं नर्सचं काम नाही. उद्या सकाळी त्याला न्यायला सांगा," असं म्हणून तुम्ही ती ओळ तुमच्या पेनानं खोडलीत. दोन पावलं चालून डाव्या बाजूला यायचं होतं, डॉक्टर. दोनच पावलं.

मी त्याच्या बायकोकडे गेले. ती व्हरांड्यात भाकरी बांधून आणलेलं फडकं धूत होती. मी तिला तुमचा निरोप सांगितला, आणि लगेच माझाही. तिनं फडकं पिळायचं थांबवलं.

"ह्या नळीबिगर किती दिस जगत्याल?"

"चार. फार तर पाच."

"आन् हितं ऱ्हायल्यावर?"

"ते मला सांगता येत नाही. पण त्यांना ऐकू येतं. कळतंय त्यांना."

"कळतंया?" ती उठली, आत गेली, त्याच्या डाव्या अंगाला बसली आणि त्याच्या हातात हात देऊन काहीतरी हळू बोलली. काय ते मी ऐकलं नाही. तिचा हात घट्ट धरला गेला, ते मी दारातून पाहिलं.

सकाळी तुम्ही आलात तेव्हा ती खाटेच्या उजव्या बाजूला, बरोबर तुमच्या जागेवर, जमिनीवर बसली होती. "म्या न्हेत न्हाई, सायेब," ती म्हणाली. "हाकलायचं आसंल तर मलाबी संगट हाकला. न्हाईतर त्या अंगानं जावा आन् इचारा." डोक्यावरचा पदर सारखा करून ती तशीच बसून राहिली. तुम्ही त्या बाजूला गेला नाहीत. "आणखी आठ दिवस," एवढं म्हणून पुढच्या खाटेकडे वळलात.

आठ दिवसांत तो चमच्यानं पेज घेऊ लागला. महिन्यानं भिंतीला धरून उभा राहिला. काठी घेऊन गाडीत चढला तेव्हा त्याला एकच शब्द येत होता, "व्हय." जेवलास का, व्हय. दुखतं का, व्हय. मी पुढं मार्गासनीला गेले होते तेव्हा तो बांधावर बसून डाव्या हातानं रोपांच्या मुठी मोजून देत होता. बायको म्हणाली, "समदं कळतंया. भांडायचं तेवढं माज्या एकलीवर आलंया." वहीत तुम्ही लिहिलंत, "आपोआप सुधारणा." आणि मला तीन महिने फेरीला यायला मनाई केलीत, उलट बोलल्याबद्दल. ती मनाई मी भोगली, पण माफी मागितली नाही. आजही मागत नाही.

पुढं मी कितीतरी मुलींना नर्सिंग शिकवलं. डोक्याला मार लागलेला माणूस आला की दोन्ही बाजूंनी उभ्या राहा, दोन्ही हातांशी बोला, आणि मूठ धरली यापेक्षा सांगितल्यावर सोडली का ते बघा, असं मी प्रत्येक तुकडीला सांगत आले. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, कारण त्यातली एक गोष्ट त्या मुलींना कळू नये असं मला वाटतं. नर्सनं स्वतःहून काढलेलं म्हटलं तर त्या मनावर घेणार नाहीत, अशी मला भीती होती. म्हणून मी दरवेळी सांगितलं की हे मला आमच्या भोरच्या डॉक्टरांनी शिकवलं.