अंगणातली पेट्रोलची गाडी

आबा, आज मी गाडी घरी आणली. जुनीच, पांढरी, हौद्याच्या एका कडेला पोचा आलेली, आणि पेट्रोलची. हे शेवटचं तुम्हाला मुद्दाम ऐकवतेय. तुम्ही असता तर आधी बॉनेटवर तळहात ठेवला असता, मग वाकून खाली तेल गळतंय का पाहिलं असतं, आणि मग मला ओलांडून दादाला विचारलं असतं, "डिझेलची नाय मिळाली काय रं?" म्हणून उत्तर आधीच देऊन ठेवते, आणि दादा नाही, मी देते. मिळाली होती. बघितली, चालवली, आणि नको म्हणून परत आले.

तुमच्या डिझेलचं कौतुक ऐकतच आम्ही दोघं मोठे झालो. साजगावच्या कारखान्यातून लोखंडी माल भरायचा आणि घाट चढून लोणावळ्याला उतरवायचा, हे तुमचं काम. जेवायला बसलात की घाटाची गोष्ट निघायचीच. "रेल्वेला कर्जतला मागून इंजिनं लावायला लागतात, तवा कुटं घाटातली ती ठाकुरवाडी दिसते. माझी पिकअप एकली चढते," असं म्हणून तुम्ही भाताचा घास घ्यायचात आणि आई तुमच्याकडे न बघता आमटी वाढायची. तिने ते इतक्यांदा ऐकलं होतं की मध्येच तुम्ही थांबलात तर तिने पुढचं म्हणून दाखवलं असतं. तुमच्या अंगाला, शर्टाला, घड्याळाच्या पट्ट्यालासुद्धा डिझेलचा वास. तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजत. शाळेत एका मुलीने मला विचारलं होतं, तुमचा पंप आहे का गं? मी हो म्हणून सांगितलं होतं.

आणि तुमचं ते परत येणं. घाट उतरताना तुम्ही गाडी न्यूट्रल करायचात, डिझेल वाचावं म्हणून. इथले सगळेच करायचे, अजूनही करतात, आणि वर त्याला अक्कल म्हणतात. घाटात तुम्ही इंजिन चालू तरी ठेवायचात. आपल्या घराकडे वळलं की जो शेवटचा उतार लागतो तिथे मात्र तुम्ही ते बंदच करायचात. बाकीच्यांच्या गाड्या आवाज करत यायच्या, तुमची बिनआवाजाची यायची, नुसती टायरखाली खडी चिरडल्याची कुरकुर. तेवढ्यावर आई चुलीवरचं गरम पाणी बादलीत ओतून मागच्या पायरीवर ठेवायची, शेजारी कपड्याच्या पावडरीचा डबा. तुम्ही हात कोपरापर्यंत धुवायचात आणि मगच घरात यायचात. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, इंजिन बंद केलं की ब्रेक दगडासारखा होतो, उतारावर तो पाय कितीही दाबला तरी लागत नाही. मला तेव्हा तुमचा राग आला. तुम्ही रोज तसल्या ब्रेकच्या भरवशावर घरी येत होतात, आणि आम्ही ती कुरकुर ऐकून खूश होत होतो.

आता खळ्यातला तो दिवस. तुम्ही तो विसरून गेलात, मी नाही. मी कॉलेजात होते. भाताचे भारे घेऊन बैलगाडी दारात आली होती आणि तुमची पिकअप खळ्यात आडवी उभी. तुम्ही जेवून झोपला होतात, दादा घरात नव्हता. गाडीवान म्हणाला, काढा की कोनतरी. मी खुंटीवरची चावी घेतली. तुम्हाला चालवताना मी इतकी वर्षं शेजारून बघत होते. क्लच कुठे सोडायचा ते माझ्या पायाला ठाऊक होतं. गाडी मागे घेतली, वळवली, आणि गवताच्या उडवीशेजारी सरळ लावली. कुंपणाला घासली नाही, उडवीला लागली नाही. तेवढ्यात तुम्ही उठून बाहेर आलात. "उतर खाली. चावी दे." मी उतरले. मग तुम्ही स्वतः बसलात, गाडी रस्त्यापर्यंत नेलीत, आणि परत आणून त्याच जागी लावलीत. तिथेच, आबा. टायरच्या त्याच खुणांवर. सगळ्यांसमोर. आणि म्हणालात, "बाईमानसाच्या हातात पिकअप शोबत नाय." गाडीवान हसला. मी घरात जाऊन भाकरी थापायला बसले आणि प्रत्येक भाकरी करपवली. माझं त्यात काहीही चुकलं नव्हतं. तेव्हाही नव्हतं आणि आज तुमची माफी मागायला मी हे लिहीत नाहीये.

पुढे मला कर्जतला दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा तुम्ही स्कूटी घेऊन दिलीत. फुलांचा हार घालून आणलीत, पेढे वाटलेत. शेजारच्या काकूंना म्हणालात, "पेट्रोलची हाय. बायकांना पेट्रोलच बरं, हलकं असतंय." मला ती गाडी जिवापाड आवडली आणि ते वाक्य मुळीच आवडलं नाही. दोन्ही गोष्टी एका दिवशी एकाच माणसाकडून मिळाल्या, त्यामुळे धड हसता येईना की रुसता येईना. त्याच स्कूटीवर, नोकरी सांभाळून, घरी वाढवलेली रोपं पायांमध्ये ठेवून मी पहिली गिऱ्हाइकं केली. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. तुम्ही म्हणायचात, पोरीला नाद लागलाय.

तुम्ही गेलात. त्यानंतर हक्कसोडीच्या कागदावर मी सही केली नाही, हे तुमच्या कानावर कुणी घालणार नाही म्हणून मीच घालते. गावात सगळ्या बहिणी करतात. मी केली नाही. दादा काही महिने बोलत नव्हता, मग बोलायला लागला. तो आता साजगावलाच कारखान्यात नोकरीला आहे, तुमची पिकअप त्यानेच विकली. माझ्या वाट्याच्या तुकड्यावर मी नर्सरी केली आहे, नवऱ्याची साथ आहे, आम्ही आईजवळच राहतो, आणि कळंबपासून खोपोलीपर्यंतच्या फार्महाऊसांत माझी झाडं उभी आहेत. पण ती पोचवायला टेंपो दुसऱ्याचा. लग्नसराईत तो येतच नाही, आला तर रोपं विटांसारखी फेकतो, वाटेत स्वतःची दोन कामं उरकतो आणि तोवर गुलाब उन्हात माना टाकतात. कळंबच्या एका रिसॉर्टचं मोठं काम हातात आहे. तिथल्या मॅनेजरने या वेळी स्पष्टच सांगितलं, "ताई, झाडं तुमची चांगली असतात, पण येतात मेल्यासारखी. स्वतःची गाडी नसेल तर पुढचं काम मी नेरळच्या नर्सरीला देतो." काम गेलं असतं तर माझ्याकडच्या दोन बायकांना घरी बसवावं लागलं असतं. म्हणजे गाडी घ्यायचीच होती, आणि चालवायचीही मीच. प्रश्न एवढाच उरला की कुठली.

आणि इथे तुम्ही आडवे आलात, खळ्यातल्या पिकअपसारखे. जो तो तुमचंच बोलायला लागला. दादा म्हणाला, "धंद्याला डिझेलच लागतं गं, आबा काय येडे होते काय?" गाड्यांचा दलाल म्हणाला, "तुमी स्वता चालवनार? मग पेट्रोल घ्या ताई, लेडीजला सोपी." बघा म्हणजे, डिझेल घेतली तर तुमचा शब्द खरा आणि पेट्रोल घेतली तरी तुमचाच. बाई म्हणून पेट्रोल, धंदा म्हणून डिझेल. मेलेल्या माणसाने दोन्ही रस्ते अडवून ठेवावेत, याला काय म्हणायचं? काही दिवस मी नुसती चिडचिड केली. तुमचं ऐकायचं नाही एवढ्यासाठी मी एकदा पेट्रोल ठरवलं, मग तुमच्या 'बायकांना बरं'ला चिडून डिझेल ठरवलं. शेवटी माझ्या लक्षात आलं की मी गाडी निवडतच नव्हते, तुमच्याशी भांडत होते.

साजगावला विकायला असलेली डिझेल आधी बघितली, दादाला सोबत घेऊन. मालकाने आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि सगळं बोलणं दादाशी. "दादा, तुमी चालवून बगा, ताई बसतील हितं." मी उठले आणि बॉनेटवर हात ठेवला. कोमट होतं. आम्ही यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली होती, थंड इंजिन कसं उठतं ते कळू नये म्हणून. हे तुमच्याकडूनच आलंय, नाकारत नाही. मी म्हटलं, थंड होऊ दे, मी थांबते. मालक दादाकडे बघून हसला. दादा म्हणाला, "ती थांबल. आमच्यात तीच तशी हाय." गाडी थंड झाली, सुरू झाली, थोडी खोकली, पण वाईट नव्हती. मी चालवली. ओढ जबरदस्त. तुमची आठवण पायातून वर आली, खोटं कशाला बोलू. मग मालकाला विचारलं, रोज कुठे फिरायची? "पुन्याला, रोज." आणि मला कर्जतच्या मेकॅनिकचं बोलणं आठवलं, की हल्लीच्या डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते, गाडी लांब पळली की काजळी जळून जाते, गावातल्या गावात थांबत-थांबत फिरली की जाळी तुंबते. माझं सगळं काम थांबत-थांबतच. इथे चार कुंड्या, तिथे सहा पाम. तुमचं डिझेल तुमच्या घाटासाठी बरोबर होतं, आबा. माझ्या कुंड्यांना घाट चढायचा नाहीये.

पेट्रोलची कर्जतला होती, एका बेकरीवाल्या म्हाताऱ्या काकांची. पाव पोचवायची गाडी, इंजिन थंडगार, पहिल्या चावीला सुरू. पण इथले लोक जुनी गाडी बघतात ती रिकामी, डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारून. तुम्हीही तशीच घेतली होतीत आणि पहिल्या भरलेल्या खेपेला क्लच जळाला होता, आई सांगते. मी काकांना म्हटलं, मला भरून बघायची आहे. ते म्हणाले, "घ्यायच्या आदीच धंदा चालू केलास काय गं?" आणि चावी दिली. नर्सरीवर आणून आम्ही ओल्या मातीचे पाम आणि सिमेंटच्या कुंड्या चढवल्या, हौद्याचा मागचा फाळका लावला, आणि मी ती थेट कळंबच्या रिसॉर्टवर नेली. तिथला शेवटचा चढ दगडांचा आहे, सरळ अंगावर येणारा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडीने मान टाकली. दादा शेजारी बसला होता. "डिझेल असती तर दुसऱ्यात गेली असती."

"गेली असती," मी म्हटलं. "मग?"

पहिला टाकला. गाडी हळूहळू चढली, कुरकुरत, पण कुठे न थांबता. वर मॅनेजर उभा होता. त्याने पामच्या पानांना हात लावून पाहिला आणि माळ्याला हाक मारली. एकही कुंडी फुटली नव्हती, एकही पान मुडपलं नव्हतं. उतरताना मी गाडी गिअरमध्येच ठेवली आणि दादाला ते ऐकू जाईल असं सांगितलंही. तो म्हणाला, "स्कूटीला हौदा लावलाय नुस्ता." म्हटलं, लावलाय तर लावलाय. ओझं माझं आहे, चढ माझा आहे, आणि कुठल्या गिअरमध्ये चढायचं ते मी ठरवणार. तुम्ही पेट्रोलला बायकांचं म्हणालात म्हणून मी ते सोडणार नाही आणि डिझेलला पुरुषांचं म्हणालात म्हणून त्याच्यामागे धावणार नाही. आता काचेवर काय लिहायचं म्हणून रंगारी विचारतोय. तुमच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' होतं. दादा म्हणतो, 'आबांचा आशीर्वाद' लिही. जो मिळालाच नाही तो मी लिहिणार नाही. काच कोरी राहील.

आज संध्याकाळी व्यवहार पुरा करून मी एकटीच निघाले. कर्जतहून येताना मागे हौदा रिकामा वाजत होता. घराच्या वळणावर आले तेव्हा उजेड होता, आईच्या स्वयंपाकघरातून धूर निघत होता. गाडी अंगणात लावून मी मागच्या दाराने गेले तर पायरीवर गरम पाण्याची बादली, शेजारी पावडरीचा डबा. आई आत भाकरी थापत होती. मी म्हटलं, "आई, हे काय गं?" तिने बाहेर येऊन बादलीकडे पाहिलं, जसं काही ती दुसऱ्याच कुणी ठेवली होती. मग म्हणाली, "गाडी आल्यावानी वाटलं. इंजिनाचा आवाज नवता ना, नुसती खडी वाजली. हात आपसूक गेला." आणि थोड्या वेळाने, "धू आता, ठेवलंय तर." माझ्या हातांना डिझेल नव्हतं, माती होती. तरी मी कोपरापर्यंत धुतले, पावडरीने.

बाकी माझं काही मागे घ्यायचं नाही. खळ्यातलं नाही, सहीचं नाही, पेट्रोलचं तर नाहीच. हे लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही, तुमच्या फोटोमागेही ठेवायचं नाही. फक्त एवढं, की त्या शेवटच्या उतारावर मी गाडी न्यूट्रल केली होती. चावीही फिरवली होती. उद्यापासून गिअरमध्येच उतरेन. पण ती कुरकुर मी आयुष्यभर घरात बसून ऐकली होती, आबा, आणि ती गाडीत बसून कशी ऐकू येते ते मला एकदा ऐकायचं होतं.