चोपन्नची सायकल

यवतमाळ,
९ नोव्हेंबर २०२५

सुनील चव्हाण यांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आमच्याकडे सगळे बरे आहेत. आई, म्हणजे आमची याडी, हिच्या गुडघ्याला आराम आहे, तांड्यावर कापसाची वेचणी सुरू झाली आहे आणि मी नेहमीप्रमाणे तंत्रनिकेतनातल्या मापन प्रयोगशाळेत मुलांना व्हर्नियर वाचायला शिकवते आहे. तुम्ही शिकवता त्या शाळेपाशी फोनला रेंज नसते म्हणून पत्र लिहिलंत, ते बरं झालं. फोनवर मला नीट विचार करता येत नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही मंडळी आमच्याकडे मुलगी पाहायला आलात, तेव्हा मला तीन प्रश्न विचारले गेले. तुमच्या वडिलांनी नोकरी पक्की आहे का विचारलं. तुमच्या आईंनी ज्वारीची भाकरी येते का विचारलं. आणि तुम्ही विचारलंत की डोंगरातल्या फुटक्या रस्त्यावर टिकेल अशी वाकड्या हँडलची सायकल मध्यम किमतीत मिळते का. लालसिंगमामांना वाटलं, तुम्ही माझ्या शिक्षणाची थट्टा करताय. मी ‘मिळते’ एवढंच म्हणाले होते. आता सविस्तर सांगते.

आधी रस्ता पाहावा, मग सायकल. तुम्ही लिहिलंय की तांड्यापासून शाळेपर्यंत अर्धा रस्ता घाटाचा आहे आणि पुलापुढे डांबर उखडून नुसती गिट्टी उरली आहे. मग शर्यतीची सायकल विसरा. तिच्यात बारीक टायरच बसतात आणि गिट्टीवर रिम वाकते. बत्तीस मिलिमीटरचा टायर बसून वर चिखलापुरती जागा राहील अशी फ्रेम घ्या. सांगाडा ॲल्युमिनियमचा, पुढचा फोर्क कार्बनचा. हादरे हाताला कमी बसतात. पूर्ण कार्बनची सायकल या किमतीत कोणी देत असेल, तर तो दुसरीकडे कुठेतरी काटकसर करतोय, बहुधा चाकांत.

पुण्याचा तुमचा मित्र म्हणतो, पुढचं चक्र मोठं हवं, ते पुरुषाला शोभतं. तो सपाटीवर चालवतो. तुम्हाला पुढे चौतीस दात्यांचं लहान चक्र आणि मागे तेवढ्याच दात्यांचं मोठं चक्र लागेल. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. घाटात याच्यावर वेग मिळत नाही, पण उतरून सायकल ढकलावी लागत नाही. ब्रेक डिस्कचे घ्या, तारेवर चालणारे. तेलावरचे जास्त चांगले असतात, पण बिघडले तर नागपूर गाठावं लागतं. तारेचे तुमच्या महागावात कोणीही जुळवून देईल.

राहिलं माप. त्याला नुसती उंची पुरत नाही. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट दाबून धरा आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा. उंचीही कळवा.

लग्नाबद्दल माझं उत्तर अजून गेलेलं नाही. तुम्ही पत्रात ते मागितलं नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

पुष्पा राठोड


यवतमाळ,
२७ नोव्हेंबर २०२५

सुनीलराव, नमस्कार.

तुमच्या पत्राला उशिरा उत्तर देते आहे. परीक्षा चालू होत्या असं लिहिणार होते. परीक्षा चालू होत्याच, पण उशीर त्यामुळे झाला नाही.

तुम्ही लिहिलंत: उंची पाच फूट आठ इंच, पायाचं माप शहात्तर सेंटीमीटर, मित्राच्या मते चोपन्न सेंटीमीटरची फ्रेम छान दिसेल. ही दोन मापं एका माणसाची असणं कठीण आहे. शहात्तर सेंटीमीटरच्या पायावर साधारण पाच फूट पाच इंचाचा माणूस उभा असतो. पायाचं माप तुम्ही स्वतः घेतलंत आणि उंची कोणीतरी सांगितली, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर तुमची फ्रेम एक्कावन्नची. चोपन्नच्या सायकलवर तुमचे हात ताणले जातील आणि घाट उतरताना ब्रेक नीट धरता येणार नाही. ‘छान दिसेल’ हे माप नाही.

याच्या खाली तुम्ही एक ओळ लिहिली आहे. ‘सायकली दोन घेऊ का? तुमची उंची पाच-चार म्हणजे अठ्ठेचाळीसची लागेल ना?’

ती ओळ मी बरेच दिवस पाहत होते.

तुमच्याकडे माझी उंची मामांनी फोनवर सांगितली आहे. मी समोरच होते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, मामा, चार इंच कमी सांगितलेत. ते म्हणाले, “बसली की साऱ्या पोरी सारख्याच दिसतेत. तू फक्त उठू नोको.” म्हणून तुमची जीप यायच्या आधीच मला सतरंजीवर बसवलं होतं. चहा माझ्या मामेबहिणीने आणला. तुम्ही आत आलात तेव्हा मी खालून पाहिलं. खालून सगळेच उंच दिसतात. तुम्ही गेलात आणि मी उठले, तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या.

मी पाच फूट आठ इंच आहे. अनवाणी. पायाचं माप एक्क्याऐंशी. तुमचा मित्र ज्या चोपन्नवर खूश आहे, ती माझी फ्रेम आहे आणि चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. रविवारी मी तिच्यावरून दारव्ह्यापर्यंत जाऊन येते. हे तुमच्या घरी कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सांगायचं ते पूर्ण सांगते. मला माझी उंची आवडते. सातवीत होते तेव्हा तांड्यातली मुलं मोठ्या माणसांची सायकल दांडीखालून पाय घालून, तिरकी होऊन चालवायची. मी एकटी सीटवर बसायचे आणि माझे पाय पुरायचे. चंदाबाई म्हणून आमच्या शेजारी आहेत, त्या याडीला म्हणायच्या, “हिले नवरा कुठून आणशीन व?” याडी काळजीत पडायची. मी सायकल घेऊन पुन्हा एक चक्कर मारायचे.

आता तुम्हाला खरं माप माहीत आहे. उंच मुलगी नको असेल, तर तसं एका ओळीत कळवा. मला राग येणार नाही. एक्कावन्नचीच घ्या, हा सल्ला तरीही कायम आहे.

पुष्पा


यवतमाळ,
१८ डिसेंबर २०२५

सुनीलराव,

कालच तुमचं पत्र आलं. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी रविवारबद्दल.

तुम्ही वडिलांना घेऊन सायकलच्या दुकानात याल, हे मला माहीत होतं; आधीच्या चिठ्ठीत नकाराऐवजी तुम्ही तेच कळवलं होतं. लालसिंगमामा येतील, हे माहीत नव्हतं. मी आत शिरले तर मामा स्टूल घेऊन उभे. “बैस पोरी, दमली असशीन.” मी बसले नाही. तुमचे वडील, उत्तमसिंगजी, वर पाहत राहिले. मग म्हणाले, “पोरगी तं लय उंच हाये हो लालसिंग.” मामा म्हणाले, “चपला उंच हायेत.” मी चपला काढून बाजूला ठेवल्या.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी रविवारपासून अनेकदा आठवलं आहे. “बापू, मले माहीत हाये. त्यायनं पत्रात लिवलं. अन् मी पाच-आठ नाई, पाच-पाच हावो, हे बी त्यायले माहीत हाये.” उत्तमसिंगजींचा चेहरा पडला आणि मग हळूहळू हसू आलं. “म्हणजे तुमी चार बोटं कापले, अन् आमी तीन बोटं जोडले,” ते मामांना म्हणाले. मामा म्हणाले, “सोयरिकीत होते थोडं इकडचं तिकडं.”

मला हसू आलं होतं. दिसलं नसेल.

दुकानदाराने तुमच्यासमोर दोन्ही सायकली उभ्या केल्या आणि म्हणाला, “भाऊ, मोठी घ्या. लहान तं लेडीजले जाते.” तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. “लेडीज हे उभ्या हायेत. त्यायची चोपन्नची हाये. मले एक्कावन्न द्या.” खरेदी करताना माणसं शोभेचं मोठं माप घेतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. चार माणसांत लहान माप मागून घेणारा पुरुष मी प्रथमच पाहिला.

मग आपण दारव्हा रोडच्या चढावर तुमची सायकल तपासायला गेलो, मी माझ्या चोपन्नवर. तुम्ही चौतीस-चौतीसवर, न उतरता, न थांबता, बसूनच वर आलात. श्वास लागला होता, पण पायांचा ताल मोडला नव्हता. मी आधी पोचून वर थांबले होते; वर आल्यावर तुम्ही विचारलंत, “थांबल्या काहून?” मी म्हणाले, ब्रेक घासतोय का ते पाहत होते. ते खरं नव्हतं. माझ्या सायकलचे ब्रेक उत्तम आहेत.

आता तुमचं पत्र. तुमच्या आईंची इच्छा तुम्ही जशीच्या तशी लिहिलीत, ते आवडलं. लग्नात फोटो काढताना तुमच्या पायाखाली पाट ठेवावा, आणि पाट नको असेल तर मी मंडपात एक पायरी खाली उभं राहावं. नातेवाईक हसू नयेत म्हणून. खाली तुम्ही विचारलंय, आईचं मन राखायचं का?

नाही.

तुमच्या आईंबद्दल, धनीबाईंबद्दल, माझ्या मनात वाईट काही नाही. त्यांना हसं होण्याची भीती वाटते, ती मी समजू शकते. आमच्या घरालाही हीच भीती होती, म्हणून मी सतरंजीवर बसले. एकदा बसले. पुन्हा बसणार नाही, आणि पायरीही उतरणार नाही. तुम्ही पाटावर चढून माझ्याएवढे व्हावं, हेही मला नको. दुकानात जे मोठं माप तुम्ही घेतलं नाही, ते मंडपातही घेऊ नका. मी जिथे उभी असेन त्याच जमिनीवर तुम्ही उभं राहायचं. फोटोत तीन इंच दिसतील. दिसू देत.

हे आईंना माझं पत्र वाचून दाखवून सांगू नका. तुमच्या तोंडाने सांगा. सांगू शकलात तर माझं उत्तर ‘हो’ आहे. मामांना ते मी स्वतः कळवीन. सांगता आलं नाही तर तसं कळवा. मग मी ही सोयरीक माझ्या बाजूने थांबवीन, आणि तुमच्यावर बोल येऊ देणार नाही.

पुष्पा


यवतमाळ,
४ जानेवारी २०२६

सुनील,

काल संध्याकाळी तुमच्या आईंचा फोन आला. महागावच्या बाजारात आल्या होत्या, तिथून केला. पहिलं वाक्य असं: “पोरी, माह्या पोरानं दोन दिस मले अन् त्याच्या बापाले डोकं लावून लावून सांगतलं. पाट नाई, पायरी नाई. आता मले सांग, तुह्या फेटियाले कपडा किती लागन?”

फेटिया, आपला लग्नातला घागरा, त्या स्वतः शिवून घेणार आहेत, आरशांचा, पूर्ण घेराचा. मी माप सांगितलं. कमरेपासून घोट्यापर्यंत अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर.

“सेंटीमीटर मले नाई समजत. वीत सांग.”

मी विचारलं, वीत तुमची की माझी?

पलीकडे त्या इतक्या हसल्या की फोन कोणा दुसऱ्याच्या हातात गेला. परत घेऊन म्हणाल्या, “माह्या घरी मास्तर होताच, आता दुसरा बी येऊन राह्यला.” मग म्हणाल्या, “आमच्या तांड्यात येवढा लांब फेटिया कोणाचाच नाई झाला. शिवणारीले सांगतो, कपड्यात कंजूसी करू नोको.”

मी ‘बरं’ म्हणाले.

याडीला आणि मामांना सांगितलं आहे. मामा तिथीचं पाहतो म्हणाले, आणि जाताना मला पाहून म्हणाले, “उभीच राह्य आता. तशीच बरी दिसते.”

घाटात एक्कावन्न कशी चालते, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या रविवारी मी महागावपर्यंत येते आहे. माझ्या सायकलवर. घाटाच्या वर थांबेन, आणि या वेळी कारण विचारलंत तर खरं सांगेन.

पत्रात एक सुतळी घडी करून ठेवली आहे. फेटियाच्या लांबीची आहे, दोन्ही टोकांना गाठ मारली आहे. ती आईंना द्या. मोजताना पूर्ण ताणून धरा म्हणावं, कुठेही सैल सोडू नका.

तुमची,
पुष्पा