तिसरा गिअर

ता. ३ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरात कुठेतरी पाणी मुरतंय. दोनपैकी एक गाडी काढायचं ठरलं, तर बाबा म्हणतात, नवी विक! नवी म्हणजे तीही वीस वर्षांची, पण तिला एसी आहे, पॉवर स्टिअरिंग आहे, ती किल्लीने सुरू होते. आणि ठेवायची कोणती, तर त्यांच्या लग्नाआधीची, थंडीत ढकलावी लागणारी म्हातारी!

डोळ्यांचं कारण सांगून वर्षभर ते गाडी चालवत नाहीत. मग रोज सकाळी गॅरेजच्या घराकडच्या दाराला आतून कडी लावून अर्धा तास करतात काय? म्हातारीच्या सीटवरची धूळ पुसलेली असते. मीटरचा आकडा मात्र तोच. जन्मभर गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला मीटर मागे फिरवणं काय अवघड? एखाद्या दिवशी कुणाला तरी उडवतील, या विचाराने मला धडकी भरते.

लोभ आहेच, सोबत सल्लाही धाडावा.
तुझा,
धाकटा

ता. ८ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझा संशय बाबांवर, माझा तुझ्यावर. नवी गाडी स्वतःला हवी म्हणून म्हातारीला बदनाम करत नाहीस ना? लहानपणी खिडकीची जागाही तू अशीच मिळवायचास, उलटी येतेय म्हणून.

तरी काळजी वाटतेच. मी बाबांनाच पत्र टाकून सरळ विचारलंय. तोवर किल्ल्या लपव आणि तोंडाला कुलूप लाव.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
ताई

ता. १५ जून

चि. सौ. ताईस,
अ. आ.

तुमची हेरगिरी पोचली. म्हातारी जागची हलत नाही, तिची बॅटरी मीच काढून ठेवली आहे. माझे डोळेही ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी वर्षापूर्वी वेगळंच सांगितलं होतं, की हळूहळू विसरायला होईल. तुमच्या तोंडावरची दया मला बघवली नसती, म्हणून बोललो नाही.

नवीच्या मुठीवर गिअर छापलेले आहेत, वाचून कोणीही टाकेल. म्हातारीला स्टिअरिंगजवळ नुसती दांडी, तिच्यावर काही लिहिलेलं नाही. सगळं हातालाच आठवावं लागतं. म्हणून रोज आत बसून चारही गिअर टाकून पाहायचो.

सोमवारी तिसरा सापडला नाही. मंगळवारीही नाही. आज अर्धा तास शोधला. भीती वाटते गं.

तेव्हा म्हातारीच विका. नवी धाकट्याने चालवावी. खिडकीची जागा आता मला लागेल.

लोभ असावा. उद्या मी तुम्हाला ओळखलं नाही, तरी असावा.
बाबा