आत गेलेली माणसं बाहेर येईनात

आदरणीय भाऊजींना भैय्यालालचा वाकून जय भीम.

वच्छलाताईचा गुडघा कसा आहे? (मागे फोनवर ती "बरा हाये" म्हणाली, म्हणजे दुखत असणार.) साकोलीकडची धानाची रोवणी आटोपली असेल. इकडे पवनीच्या बाजूला पाऊस ठीक, सुलोचना ठीक, मीही ठीक. फक्त आमच्या वाचनालयाची परीक्षा झाली, ती हकीकत सांगतो.

विहाराच्या सभागृहातल्या आमच्या चार कपाटांना उन्हाळ्यात 'स्मार्ट' केलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एक मशीन पुस्तक देण्याघेण्याची नोंद आपणच करते, दुसरी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते. भाऊजी, मला या दुसरीचं फार कौतुक वाटतं. आमच्या धुरपताआजीला अक्षरओळख नाही. सत्तरी उलटल्यावर तिने आयुष्यातलं पहिलं पुस्तक पुरं ऐकलं. मशीनशी ती माणसासारखी बोलते. "थांब बापू, भात उतरवून येतो," म्हणते आणि मशीन थांबते. (बटण मी दाबतो, पण ते तिला सांगवत नाही.)

पण या मशिनी सरकारी योजनेतल्या, आमच्याकडे कायमच्या नाहीत. सेवा किती परिपक्व झाली ते पाहून पाचपैकी एक पायरी देणार, आणि तिसरीच्या खाली राहिलो तर मशिनी दुसऱ्या गावाला जाणार. परिपक्वता कशी पाहतात, यावर मी बराच विचार केला. धानाचा दाणा दाताखाली धरला की कळतो. वाचनालय कुठे चावायचं?

तपासायला नागपूरहून मनाली मॅडम आल्या. वयाने लहान, पण समज मोठी. आधी पंख्याखाली न बसता धुरपताआजीजवळ बसल्या, ती काय ऐकते ते विचारलं. मग मशीनचा पडदा चालू केला. पडद्यावर लिहिलेलं, या क्षणी वाचनालयात अकराशेच्या वर वाचक. सभागृहात आम्ही चौघं. अध्यक्ष पुंडलिकराव छाती काढून म्हणाले, "आमचे लोक आले का जातच नाही, मॅडम!" (आमची वस्ती नऊशेची.)

भानगड मला तेव्हाच उमगली. माणसं मोजायला मूर्तीजवळ बसवलेला कॅमेरा तोंड दिसलं की माणूस आला, पाठ दिसली की गेला असं धरतो. आणि आमच्या गावात बुद्धमूर्तीला कोणी पाठ दाखवत नाही. वंदन करून जो तो उलट्या पावलांनी दाराबाहेर पडतो. म्हणजे गाव येताना एकदा आलं आणि जाताना पुन्हा आलं.

पुंडलिकरावांनी माझा दंड दाबला. हा आकडा मॅडमनी लिहिला असता तर आम्ही पाचव्या पायरीवर. पण सकाळीच पंचशील म्हटलेलं, त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, अजून जिभेवर होतं. सांगून टाकलं. धुरपताआजीने तर उलटं चालून दाखवलं. पडद्यावर एक वाचक वाढला. "पोरी, आनखी जाऊ का? वाढते तं वाढू दे ना!" मॅडम डोळे पुसेपर्यंत हसल्या. मला म्हणाल्या, "काका, असा खुलासा मला आजवर कोणी केला नव्हता." निघताना त्याही मूर्तीकडे तोंड करूनच गेल्या. पडद्याने त्यांनाही वाचक धरलं.

कॅमेरा आता तोंड-पाठ न पाहता पावलांची दिशा पाहतो. महिनाअखेरपर्यंत माणसं नव्याने मोजणार, त्यावर पायरी ठरणार. सत्य बोलल्याचं समाधान आहे. बाकी चिंता नाही.

आपला,
भैय्यालाल

ता. क. चिंता आहे. शेतीच्या कामामुळे रोज पाचसहाच जण येतात. माझ्या भाचीला, तृप्तीला, पाहायला पाहुणे येणार असं ऐकलं. तो कार्यक्रम साकोलीऐवजी आमच्या विहारात ठेवाल का, याच महिन्यात? मुलाकडचे कितीही येवोत, कोणाला नको म्हणू नका. माणसं खरी, त्यांचं येणंही खरं. यात चौथं शील कुठे मोडतं, मला तरी दिसत नाही.

ता. क. दोन. सुलोचना बाजूला बसून वाचत होती. म्हणते, "भाऊजीले लिहा, पन्नास येवो का शंभर, सैपाक मी करतो. पण ज्याच्या हाती पुस्तक दिसल, त्यालेच पान वाढीन. नवरदेव असला तरी!"