पाकिटावरचे नाव

मार्गशीर्ष शु. ३, रविवार. नगर.

विघ्नहर्त्याची कृपा या लेखणीवर असो. जे लिहू नये ते त्यानेच लिहू देऊ नये.

सूनबाई मुग्धेने एकोणिसाव्या शतकातील एका अमेरिकन ग्रंथकाराचा खासगी पत्रव्यवहार मराठीत आणण्याचे काम घेतले आहे. "बाबा, पत्रांचे मायने तुम्ही सांगा." परक्याची पत्रे वाचणे हा दोष, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "तो जाऊन शंभरावर वर्षं झाली." तरी स्नान करून, सोवळे नेसून, पत्रे चौरंगावर ठेवूनच बसलो. मृताच्या घरात शिरायचे, तर निदान पाय धुऊन.

शु. ५, मंगळवार.

या गृहस्थास मायना म्हणून ठाऊक नाही. बंधू, प्रकाशक, पत्नी, सर्वांस सरसकट 'प्रिय'. मी शिस्त लावली. वडील बंधूस तीर्थरूप, प्रकाशकास सा. न. वि. वि., पत्नीस 'सौ. हिस अनेक आशीर्वाद'.

मुग्धा हसू लागली. "बाबा, तो आशीर्वाद देत नाहीये. ती नाही म्हणून जेवण जात नाही म्हणतोय."

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. तव्यावरील पोळी करपली. करपलेलीच मला वाढली.

शु. ६, बुधवार.

सौ.: "मी माहेरी असले की तुम्ही मला काय लिहायचात?"

"सर्व क्षेम."

"मग?"

"कळावे."

"आणि त्या दोहोंच्या मध्ये?"

आठवून पाहिले. पाऊसपाण्याचे काहीतरी असे.

"पाऊस नाही, एवढंच असायचं," ती म्हणाली, आणि पिशवी भरली. "मिरजगावला भावाकडे जाते. मला एक पत्र आलं की येते. फोन चालायचा नाही."

शु. ८, शुक्रवार.

पत्रास बसलो. मायना उत्तम साधला, शेवटही. मध्ये गृहस्थधर्मावरील श्लोक सार्थ दिले. मुग्धेने वाचून परत केले. "हे कीर्तन झालं, बाबा. बुक्का तेवढा राहिला."

चौरंगावरील अमेरिकनाकडे पाहिले. तो पत्नीस गार झालेल्या चहाविषयी लिहितो, गळलेल्या छपराविषयी लिहितो. लाज म्हणून नाही. फाडून पुन्हा बसलो. लिहिले की, सकाळी गंध उगाळताना तुझ्या बांगड्या ऐकू येत नाहीत, म्हणून सहस्रनामात अडखळतो. हे सत्य आहे. आजही अडखळलो.

वाचून न पाहता टपालात टाकले. वाचले असते तर टाकले नसते.

शु. ११, सोमवार. एकादशी.

मेहुण्याचा फोन. "दाजी, पत्र पोचलं. पाकिटावर माझं नाव होतं, म्हणून फोडलं. ओटीवर बसलो होतो, मोठ्यानं वाचलं. बांगड्यांपर्यंत आलो आणि ताईनं ओढूनच घेतलं."

पाठीमागून त्याच्या शेजाऱ्याचा आवाज: "मास्तर लई ग्वाड लिवत्यात. फुडलं काय ऐकूच दिलं न्हाई."

माहेरी गेलेल्या पत्नीचे पत्र मेहुण्याच्या नावे पाठवायचे, ही आमची जुनी रीत. हात आपसूक तसा वळला.

"ताई येतेय ना?" मी विचारले. तिला मीही ताईच म्हणालो. बुद्धी ठिकाणावर नव्हती.

"ती मला म्हणते, हे पत्र तुला आलं. मला कुठं आलंय?"

उपवास होता. तसेही जेवण गेले नसते.

पौर्णिमा, शुक्रवार. दत्तजयंती.

मुग्धेस सांगितले, त्या ग्रंथकाराच्या पत्नीस 'प्रिय'च असू दे. तिने चहा आणून दिला.

दुसरे पत्र तयार आहे. प्रश्न पाकिटाचा. सौ.चे नाव मी लग्नात घेतले, तेही उखाण्याच्या आडोशाने. त्यानंतर 'अगं'वर संसार झाला. भगवंताची सहस्र नावे मुखोद्गत आहेत. हे एक हातून उतरत नाही.

"मी लिहून देऊ का?" मुग्धा म्हणाली.

"नको. अक्षर ओळखेल ती."

पाकिटावर 'सौ.' एवढे झाले आहे. पुढील अक्षर सोपे आहे, काना-मात्राही नाही. खालच्या देवळात दत्तजन्माची घंटा सुरू झाली. टोपण अजून काढलेलेच आहे.

हे पान पुढेमागे ज्यांच्या हाती पडेल, त्या सर्वांचे घर भरलेले राहो. आणि ज्याला हाक मारायची, ते माणूस हाकेच्या टप्प्यात असो.