साडूच्या नाकावर टिच्चून पाटी

३ मार्च, रविवार
सासरेबुवांच्या नव्या दाराला नावाची पाटी हवी. साडू म्हणाला, मी घरी बनवलेल्या कॉम्प्युटरच्या मशीनवर कोरून देतो. मी म्हणालो, मशीन मीही बनवतोय, पाटी मीच कोरणार. (बनवायचं तेव्हाच ठरलं.) त्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला, तुमच्याकडून बल्ब बदलून झाला तरी पुष्कळ. सासूबाईसुद्धा हसल्या. व्याजासकट वसूल करणार.

५ मार्च
स्टेपर मोटर घेतल्या. ही मोटर एकेक पाऊल मोजून टाकते, माझ्यासारखीच. दुकानदार म्हणाला, पाटीला छोटी पुरे, मोठीला करंट देणारा ड्रायव्हरही मोठा लागतो. साडूनेच पढवलेला दिसतो. सगळ्यात मोठ्या घेतल्या. ड्रायव्हर छोटाच. कुठेतरी काटकसर हवी.

९ मार्च
ड्रायव्हर जळला. वास स्वयंपाकघरापर्यंत. हिने विचारलं, भावोजींना फोन लावू का? निषेध म्हणून जेवलो नाही. (दुपारी.)

१२ मार्च
मोठा ड्रायव्हर आणला. मोटरला चार वायरी, आत दोन कॉइल. कुठली जोडी कुठल्या कॉइलची, हे मीटरने बघायचं असतं. मीटर साडूकडे आहे. अंदाजाने जोडल्या. मोटर जागच्या जागी थरथरते आणि गुरगुरते. नवीन आहे, रुळेल.

१५ मार्च
रुळली नाही. वायरींची अदलाबदल करत बसलो. दुपारी अचानक फिरली. पेन बांधून गोल काढला, मग चौकोन. दोन्ही फर्स्टक्लास. ही म्हणाली, एखादं अक्षरही काढून बघा. गोल जमला त्याला अक्षर काय जड? रविवारी साडूला मुद्दाम बोलावलंय. खुर्ची मशीनला लागूनच ठेवणार. त्याचं तोंड उतरताना जवळून बघायचंय.

१७ मार्च, रविवार
सासरेबुवांनी जुन्या घराच्या दाराची सागवानी फळी जपून आणली होती. दुसरी मिळणार नाही म्हणाले. पेनाच्या जागी कोरायचं पातं लावलं. मशीन लोण्यासारखं चाललं. मी फळीकडे बघतच नव्हतो, साडूच्या तोंडाकडे बघत होतो. ते काही उतरेना. त्याने नुसती मान तिरकी केली. सासरेबुवांनी चष्मा पुसून विचारलं, हे नाव कोणाचं?

सगळी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. एक मोटर उलट्या दिशेने फिरत होती. गोल उलटा काढला तरी गोलच दिसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

साडू हसला नाही. एका कॉइलच्या दोन वायरी त्याने बदलल्या, फळी पालथी ठेवली आणि बटण मला दाबायला लावलं. म्हणाला, माझीही पहिली पाटी उलटीच आली होती, तुमच्या रेषा मात्र माझ्याहून स्वच्छ आहेत. पाटी सुरेख झाली. सासरेबुवांनी माझी पाठ थोपटली.

हसला असता तर जन्मभर सोडला नसता त्याला. आता एवढा पोसलेला राग ठेवू कुठे?