बांगड्या काढ, मग पिन लावते

आई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात. मशीनवर वाकलेली तुझी पाठ मात्र उघड्या डोळ्यांनीही दिसते.

मानवतला कापसाच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आपलं गेट आणि खिडक्यांच्या जाळ्यांचं दुकान. मोठा दुष्काळ सरून कापूस पुन्हा यायला लागला, त्या साली बाबांनी लोखंड कापायचं विजेचं हातमशीन आणलं. दिवाळीच्या आधी, चष्मा न लावताच सळई कापताना, लोखंडाचा कण त्यांच्या डोळ्यात घुसला. एक डोळा गेला, दुसऱ्याला जपा, असं परभणीचे डॉक्टर म्हणाले. दुकान बंद पडलं. मी मॅट्रिक होऊन घरीच होते. एका सकाळी चूल सारवता सारवता तू म्हणालीस, "तुमी नुसतं सांगा, मी कापते."

बाबांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग उठून दुकानात आले. तू पदर खोचतेस, केस फडक्यात बांधतेस, चष्मा चढवतेस. बांगड्यांवर मात्र चिंधी गुंडाळतेस. बाबा मशीनच्या वायरची पिन बोर्डात न लावता हातातच धरून बसलेत.

"बांगड्या काढ."

"चिंधी बांधली की."

"चिंधीच आधी ओढून घेईल ते. काढ, मग पिन लावतो."

आजी दारातूनच ओरडली, "नवरा जित्ता हाय अन् हात मोकळे करायलीस व्हय? लोक काय म्हणतील?"

पट्टीखालून बाबा हसले. "अगं माय, मीच सांगायलोय. तिचा हातच गेला तर बांगड्या भरायच्या कशात?"

साबणाच्या पाण्यानं एकेक हिरवी बांगडी उतरवून तू त्यांच्या हातात दिलीस. मग ते सांगत गेले. सळई बाकावरच्या शिकंज्यात घट्ट आवळ. चकतीला तडा न्हाई ना, बघ. पुरता वेग आल्यावरच लोखंडाला लाव, दाबू नको, अन् चकतीच्या रेषेत उभी ऱ्हाऊ नको. समोरून कापसाची गाडी निघाली की बंद, एक ठिणगी पुरते. पहिल्या ठिणग्या उडाल्या तशी तू दचकलीस, पण पकड ढिली केली नाहीस. काम होईपर्यंत बाबा बांगड्या मुठीत धरून बसले. पिन निघाल्यावर त्यांनीच त्या तुझ्या हातात चढवल्या. पुढं रोज तसंच. मला शिकवलंस तेव्हा तुझ्या तोंडात त्यांचेच शब्द होते.

बाबा गेले त्या दिवशी बायका बांगड्या फोडायला आल्या. तू कुणाला हात लावू दिला नाहीस. उठून साबण घेतलास, एकेक उतरवलीस, आणि सवयीनं ओंजळ बाजूला पुढं केलीस. तिथं कुणी नव्हतं. मग मी पुढं झाले. थोड्याच दिवसांत तू दुकान उघडलंस.

आता दुकान मी चालवते. हे पत्र कुठं टाकणार, कपाटातच राहील. खरं सांगू? मशीन चालू असताना तुझी आठवण येत नाही, सगळं लक्ष लोखंडावर असतं. पण बटण बंद केल्यावर चकती लगेच थांबत नाही. ती फिरायची थांबेपर्यंत मशीन खाली ठेवता येत नाही. तेवढा वेळ तू माझ्याजवळ असतेस. म्हणून कधीकधी, काही गरज नसताना, मी आणखी एक तुकडा कापते.